पास बघितला, पिशवी नाही

चौतीस वर्षांच्या नोकरीत पुंडलिक मोकलांनी एकाही माणसाला पासाशिवाय आत सोडलं नाही. डोलवीकडच्या एका कंपनीच्या मेन गेटवर ते होते. एकदा मुंबईहून आलेले बडे साहेब पास हॉटेलवर विसरून आले, तर मोकलांनी त्यांना एप्रिलच्या उन्हात चाळीस मिनिटं उभं केलं. साहेबांनी आधी आरडाओरडा केला, मग घाम पुसला आणि परत जाताना या माणसाला प्रमाणपत्र द्या म्हणून सांगितलं. ते प्रमाणपत्र लॅमिनेट होऊन पेणच्या घरात टीव्हीच्या वर लागलेलं आहे. त्यांच्या घरी चहा नंतर मिळतो, आधी प्रमाणपत्र वाचावं लागतं.

गेटचा कायदा ते येईल त्याला ऐकवत. "गेटवाल्यानं पास बघायचा. पिशवीत काय आहे ते बघायला पुढे दुसरा माणूस असतो. एकमेकांच्या कामात तंगडी घालायची नाही."

असा माणूस रिटायर झाला की घरच्यांचे हाल विचारू नका. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दारामागे एक रजिस्टर टांगलं आणि दूधवाल्याची सही घ्यायला सुरुवात केली. नूतनवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, तीन दिवस सहन केलं. चौथ्या दिवशी माहेरहून बहीण आली आणि मोकलांनी तिला "कोणाला भेटायचंय?" विचारलं, तेव्हा वहिनींनी रजिस्टर माळ्यावर फेकलं आणि नवऱ्याला काहीतरी काम शोधायचं ठरवलं. काम सापडलं ते जवळच्या गडब गावी, बायजाबाईकडे.

बायजाबाई ही मोकलांची सख्खी आत्या, वय वर्षं ब्याऐंशी. ती धवलारीण आहे. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत एकेका विधीला ती एकेक धवला गाते, आणि तिचं गाणं झाल्याशिवाय नवरा-नवरीला जागचं हलता येत नाही. असे एकशे बारा धवले तिला पाठ. लिहिता मात्र एक अक्षर येत नाही. मोबाईल समोर धरून रेकॉर्ड करायला जावं, तर म्हणायची, "त्या डबड्याकडं बघला का माजा गला बंद होतो." आणि यंदाच्या थंडीत खोकल्याने खरंच तिचा गळा बसला, चांगला महिनाभर. तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांना प्रश्न पडला. म्हातारीच्या मागे हे गाणार कोण?

"मी लिहून काढतो," मोकल म्हणाले. "मे महिन्यात प्रतिक्षाचं लग्न आहे. हळदीच्या दिवशी आत्याच्या धवल्यांचं छापील पुस्तक प्रत्येक बाईच्या हातात असेल." प्रतिक्षा म्हणजे बायजाबाईची नात. ती लाजली, म्हातारीने पदराने डोळे टिपले. असा शब्द देऊन मोकल बसले.

चार महिने ते आठवड्यातून तीनदा एसटीने गडबला जात. म्हातारी गायची, ते चिठ्ठ्यांवर लिहीत आणि घरी येऊन एका बोटाने कॉम्प्युटरवर टाइप करत. टाइप झालं की चिठ्ठी फाडून टाकत. गेटवर मुदत संपलेला पास फाडतात ना, तसाच कायदा. वहिनी म्हणाल्या, "अहो, राहू द्या की कागद." मोकल म्हणाले, "एका माणसाचे दोन पास चालू ठेवत नाहीत."

पन्नास धवले झाले आणि कॉम्प्युटरला व्हायरस लागला. कारण विशाल. हा विशाल म्हणजे हळदीला डीजे लावणारा, शेजारच्याच आळीतला. "काका, जरा प्रिंट काढून द्या" म्हणून त्याने पेनड्राइव्ह घुसवला, आणि दुसऱ्या दिवशी मोकलांच्या सगळ्या फोल्डरांना शेपटासारखे बाण फुटले. उघडायला जावं तर काळी खिडकी लुकलुकायची आणि बंद व्हायची.

आळीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. सल्ल्याला आपल्याकडे टंचाई कधीच नसते, ती फक्त पाण्याला. एकजण म्हणाला, तीन दिवस बंद ठेवा, आतल्या आत उपाशी मरेल. दुसऱ्याने सांगितलं, डबा उघडून उन्हात ठेवा. वहिनींच्या मैत्रिणीला दसऱ्याची पूजा आठवली. तेव्हा मोकलांनी हळदकुंकू वाहताना झेंडूच्या पाकळ्या कॉम्प्युटरच्या पंख्यात घातल्या होत्या, त्या सडल्या असणार असं तिचं ठाम मत पडलं. दाजी मात्र नुसते हसले. दाजी म्हणजे समोरचे रिटायर पोस्टमास्तर. मोकलांचे वीस वर्षांचे मित्र आणि तेवढ्याच वर्षांचे वैरी. "मोकल, माझ्यासारखा अँटिव्हायरस घाला. वर्षाची वर्गणी भरतो मी. तुमच्याकडे गेटच नाही, तर चोर येणारच!"

तुमच्याकडे गेट नाही! हे मोकलांना सांगितलं, बघा. मोकलांना. त्या दिवशी ते जेवले नाहीत. म्हणजे भात जेवले, भाकरी खाल्ली नाही.

मुलगी ऋतुजा रोह्याला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, राहायला शेजारच्या वरसेला. दुसऱ्या दिवशी मोकल कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून रोहा एसटीत बसले. कंडक्टर म्हणाला, याचं लगेज पडेल. मोकल म्हणाले, नियम दाखवा. कंडक्टरने तक्ता काढला. त्यात सायकल होती, शिलाई मशीन होतं, कोंबड्यांची पाटी होती, कॉम्प्युटर नव्हता. नागोठण्यापर्यंत दोघांनी तक्ता वाचला आणि शेवटी 'शिलाई मशीन, पायाचे नसलेले' यावर तडजोड झाली. मोकलांना हा अपमान वाटला, पण कंडक्टर नियमाने वागला याचं बरंही वाटलं. रस्त्यावर 'काम चालू आहे' हा फलक इतका जुना झालाय की त्याच्याच दुरुस्तीचं काम काढावं लागेल. तिथल्या खड्ड्यांत त्यांनी डबा बारशाच्या बाळासारखा वरच्या वर झेलला.

ऋतुजाने दोन दिवसांत धवले सोडवले, जुनं सगळं पुसलं आणि मशीन चालवायला लिनक्स नावाची नवी यंत्रणा घातली.

"बाबा, नीट ऐका. याला असे पेनड्राइव्हचे व्हायरस सहसा लागत नाहीत. बाहेरून आलेलं काहीही तुम्हाला विचारल्याशिवाय मशीनच्या पोटात शिरत नाही. आधी पासवर्ड मागतं."

मोकलांचा चेहरा उजळला. "म्हणजे गेट आहे!"

"आहे. पण तुम्हीच पासवर्ड दिलात तर ते तुम्हाला साहेब समजतं आणि सांगाल ते करतं. घर पेटव म्हणालात तरी पेटवेल. मशीन कितीही शहाणं असलं तरी बसणाऱ्याचं डोकं त्याला बदलता येत नाही. आणि दर रविवारी धवल्यांची एक प्रत बाहेर काढून ठेवायची. बॅकअप. ऐकताय ना?"

मोकल ऐकत नव्हते. त्यांचं ऐकणं 'गेट आहे' इथेच संपलं होतं. बॅकअप त्यांनी ठेवला, नाही असं नाही. दर रविवारी न चुकता ठेवला. 'धवले' नावाच्या फोल्डरच्या शेजारी 'धवले बॅकअप' नावाचं फोल्डर, त्याच मशीनमध्ये. कंपनीतही डुप्लिकेट चावी मूळ चावीच्या शेजारच्याच खिळ्याला असायची.

पेणला परतल्यावर त्यांनी जाहीर केलं, "माझ्या मशीनला व्हायरस लागूच शकत नाही. कोणाचाही पेनड्राइव्ह आणा." लोकांनी आणले! लग्नसराईचे दिवस, अर्ध्या आळीचे पेनड्राइव्ह विशालच्या कृपेने बाधलेले. मोकल ते आपल्या मशीनमध्ये उतरवून घ्यायचे, बाणवाल्या फायली वेचून काढायचे आणि माल स्वच्छ करून परत द्यायचे. माळ्यावरचं रजिस्टर खाली आलं. नाव, कोणाकडून, कोणाला भेटायचे, आत येण्याची वेळ, बाहेर जाण्याची वेळ, सही. पेनड्राइव्हलाही 'कोणाला भेटायचे' हा रकाना होता आणि मोकल त्यात गंभीरपणे 'मला' असं लिहीत. विशाल तर रोजच यायचा, कधी कधी नुसता सही करायला.

दाजींच्याने हे बघवेना. लग्नाला दहा दिवस उरले होते. एकशे बारावा धवला आदल्या दिवशीच टाइप झाला होता आणि छापखान्याने सोमवारी फाइल मागितली होती. अशा रविवारी सकाळी दाजी आपला लॅपटॉप काखेत मारून आले.

"व्हायरस नसेल लागत हो. पण चालतं का ते? लावा शर्यत."

दोघांनी एकदम बटणं दाबली. आळीतली सात माणसं बघायला. दाजींचा लॅपटॉप वीस सेकंदांत उघडला. मोकलांचं मशीन, ज्याच्या पोटात साऱ्या आळीचे लग्नाचे व्हिडिओ अडकले होते, ते एक मिनिट उलटून गेलं तरी विचारच करत होतं.

"गेट उघडायला वेळ लागतोय वाटतं," दाजी म्हणाले. सातही माणसं हसली. विशालसुद्धा! ज्याचे सतरा पेनड्राइव्ह फुकट धुऊन दिले, तो विशाल. मोकलांचा कान तापला.

सगळे गेल्यावर ते इंटरनेटवर बसले. एका व्हिडिओखाली कुणीतरी लिहून ठेवलं होतं: ही एक ओळ टाका, लिनक्स दुप्पट वेगाने पळेल. ओळ इंग्रजी, लहानच, मध्ये दोन-तीन तिरक्या रेघा. पहिला शब्द 'सुडो'. त्याचा अर्थ ऋतुजाने सांगितलेला मोकलांना आठवत होता: साहेबाच्या हुकमावरून. साहेबाचा हुकूम म्हटल्यावर ते खुर्चीत सरळ बसले. आयुष्यात प्रथमच त्यांच्या टायपिंगमध्ये एकही चूक झाली नाही. झाली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि सगळे सुखी झाले असते.

मशीनने पासवर्ड मागितला.

"बघ, शिस्त!" मोकल कौतुकाने वहिनींना म्हणाले. "घरचा मालक असला तरी विचारल्याशिवाय सोडत नाही."

"पण त्या ओळीत लिहिलंय काय?" वहिनींनी कांदा चिरता चिरता विचारलं.

"ते बघणं आपलं काम नाही. पास मागितला, पास दाखवला." आणि त्यांनी पासवर्ड दिला.

काही झालं नाही. धूर नाही, आवाज नाही. त्यांनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि काय सांगू, अकरा सेकंदांत उघडलं! मोकल बनियनवरच धावत गेले आणि दाजींना हाताला धरून घेऊन आले. दाजींनी घड्याळ लावून दोनदा पाहिलं आणि गुपचूप परत गेले. त्या आनंदात मोकलांनी दिवसभरात अकरा पेनड्राइव्ह धुतले. संध्याकाळी छापखान्यासाठी फाइल काढायला बसले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की मशीन इतक्या झटकन उघडतंय कारण त्याच्यात काही शिल्लकच नाही. धवले नाहीत. धवले बॅकअप नाहीत. प्रमाणपत्राचा स्कॅनसुद्धा नाही.

ते उठले आणि कॉम्प्युटर गुंडाळायची चादर शोधू लागले. 

सोमवारी पुन्हा चादर, पुन्हा एसटी, पुन्हा तोच कंडक्टर. "शिलाई मशीन ना?" त्याने विचारलं. मोकलांनी मान हलवली. नियम दाखवा म्हणण्याची ताकद उरली नव्हती.

ऋतुजाने ती ओळ मोबाईलवर वाचली आणि कपाळाला हात लावला. "बाबा, यात सरळ लिहिलंय, घरातलं सगळं पुसून टाक. व्हायरसला हे जमलं नसतं. त्याला कुणी पासवर्ड दिला असता? बरं, पुसल्यावर मशीन लगेच बंद केलं होतंत ना? मग काहीतरी मिळेल."

मोकल पायाच्या अंगठ्याने फरशी उकरू लागले. "दाजींना वेग दाखवला. आणि अकरा पेनड्राइव्ह."

ऋतुजाने दिवसभर खणून जे वर काढलं ते असं: विशालची नव्वद गाणी, दाजींची कुंडली, कुणाच्या तरी मुंजीतला केळ्यांचा घड, आणि धवल्यांच्या साडेतीन ओळी. मोकल त्या साडेतीन ओळींकडे बघत म्हणाले, "ऋतू, म्हातारीचा गळा आता पहिल्यासारखा नाही गं. चार महिने गायली ती माझ्यासाठी. मी तिला तोंड कसं दाखवू?" आणि चौतीस वर्षं उन्हात उभा राहिलेला तो माणूस मुलीसमोर हमसून हमसून रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋतुजा त्यांच्याबरोबर गडबला आली. त्यांनी नको म्हटलं तरी आली. बायजाबाई ओटीवर तांदूळ निवडत होती. प्रतिक्षा आणि तिच्या चार मैत्रिणी मेंदीचे नमुने बघत बसल्या होत्या. मोकलांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही, ती सुडोची ओळ आणि बनियनवर धावत जाणंही नाही. सांगून झाल्यावर मान खाली घालून उभे राहिले, पासाशिवाय आलेल्या माणसासारखे.

म्हातारीने सूप खाली ठेवलं.

"म्हंजे चोर दारान आला, तुजा पास मागला, तुना पास दिला?"

"हो आत्या."

"नि पिशवीन काय हाय, ता नाय बघला?"

"नाही आत्या. ते... आमच्याकडे ते काम दुसऱ्याचं असतं."

"नि घरान दुसरा कोन होता रं?"

 म्हातारीचे खांदे हलू लागले. मोकलांना वाटलं, रडतेय. तिला खोकल्याचा उमाळा आला, पाणी प्यायली, पुन्हा खांदे हलले, तेव्हा कळलं की ती हसतेय. इतकी हसली की तांदूळ सांडले.

"मेल्या, रडतस कशाला? तुजी पेटी रिकामी झाली, माजा डोस्का नाय." आणि ती मुलींकडे वळली. "ए पोरींनो, ता मेंदीचा ठेवा बाजूला. वह्या घेवा. यो एकलाच लिवत व्हता, म्हनून एकदाच गेला. आता तुमी पाच जनी लिवा. नि नुसता लिवू नका गो, मागून म्हना."

सात दिवस ओटीवर तेच चाललं. गळा चिरका झाला होता, मध्ये मध्ये थांबावं लागे. म्हातारी थांबली की प्रतिक्षा पुढची ओळ उचलायची, चुकली की म्हातारी हाताने नाही नाही करायची. तिसऱ्या दिवशी मुली सहा झाल्या, पाचव्या दिवशी नऊ. मोकल पाण्याचा तांब्या आणि आल्याचे तुकडे घेऊन दाराशी बसत. गंमत म्हणजे कितीतरी ओळी त्यांच्या लक्षात होत्या, आणि त्यातल्या काही आता वेगळ्या येत होत्या. "आत्या, मागच्या वेळी तू असं म्हणाली नव्हतीस," ते एकदा म्हणाले. "मागल्या येली नवरी दुसरी व्हती," म्हातारी म्हणाली.

पुस्तक छापून झालं नाही. ते गेलंच. पण हळदीच्या दिवशी मांडवात बायजाबाईने पहिला धवला धरला आणि मागून नवरीसकट नऊ आवाज उठले, तेव्हा गडबच्या म्हाताऱ्याकोताऱ्या बायका वळून बघू लागल्या. तीस वर्षांत म्हातारीच्या मागे इतके आवाज कुणी ऐकले नव्हते. विशाल डीजेचं बटण दाबायचं विसरला. मोकल खांबाला टेकून उभे होते. त्यांना वाटलं, चला, आपली लाज इथे झाकली गेली.

तेवढ्यात हळद लावताना माहेरच्यांची थट्टा करायची वेळ आली. तिथे धवलारीण आपल्या मनाचं घालते. म्हातारीने मांडवभर नजर फिरवली, खांबाशी थांबवली, आणि गायली:

"गेटावर उभा गो पुंडलिक भाचा,
पास त्याने वाचिला चोराचा साचा,
पिशवीन काय हाय इचारला नाय,
चोराला म्हनं, साहेब, घ्याल का चाय!"

नऊजणींनी ते उचललं. मग मांडवाने उचललं. दाजी तर टाळ्या वाजवता वाजवता खुर्चीवरून घसरले. नूतनवहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि ऋतुजा तर उघड उघड. मोकलांना वाटलं धरणीने पोटात घ्यावं. म्हातारीने नाचऱ्या हाताने त्यांना जवळ बोलावलं, गालाला हळद फासली आणि कानात म्हणाली, "आता नाय पुसायचा कुनाला. पोरी म्हनतील ता, माज्या मागून पन." मोकलांनी तिचे पाय धरले. हळद त्यांच्या शर्टावर, तिच्या लुगड्यावर, सगळीकडे झाली.

लग्नानंतर आठवड्याने ऋतुजाने मशीन परत आणून दिलं. नऊ वह्यांवरून एकशे बारा धवले पुन्हा टाइप झाले. एक प्रत वरसेला, एक गडबला, आणि एक, जड मनाने, दाजींकडे. मग मोकल एकशे तेराव्याला, म्हणजे मांडवात त्यांच्यावर रचलेल्या त्या थट्टेच्या धवल्याला बसले. तो त्यांनी तीनदा वाचला. एकेक शब्द बोट ठेवून वाचला, आणि मगच टाइप केला. मशीनने काही विचारलं नाही.

मग त्यांनी दारामागचं रजिस्टर काढलं, पट्टी घेतली आणि शेवटच्या सहीच्या रकान्याआधी एक नवी रेघ मारली. वर लिहिलं: 'पिशवीत काय आहे'. खाली पहिली नोंद केली. नाव: धवला क्रमांक एकशे तेरा. कोणाकडून: बायजाबाई, गडब. कोणाला भेटायचे: सर्वांना. आत येण्याची वेळ लिहिली. बाहेर जाण्याची वेळ मोकळी सोडली. नव्या रकान्याशी मात्र पेन थोडं थांबलं. मग त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'मी', आणि पुढे सही केली.